हक्क मोडला, पण तो आधी कुणी लिहून ठेवला होता का? : अमेरिकेतील फेडरल अपील न्यायालयांचे काही निकाल

उंबरठा (धागाकर्ता, ह्यूस्टन)

माझे वडील दर वर्षी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येतात आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे सदरा-लेंगा घालून, काठी घेऊन फिरायला निघतात. आमच्या वसाहतीत पायी चालणारा माणूस मुळातच दुर्मीळ, त्यात लेंग्यातला तर फारच. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो आणि त्याला कारण आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातील मॅडिसन या गावी, नातवाला सांभाळण्यासाठी भारतातून आलेले 57 वर्षांचे एक गुजराती गृहस्थ असेच मुलाच्या घराजवळ चालत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला, पोलीस आले, आणि इंग्रजी येत नाही एवढेच सांगू शकणाऱ्या त्या माणसाला एका अधिकाऱ्याने हात मागे धरून, पायात पाय घालून जमिनीवर आपटले. मणक्याला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. गाडीवरच्या कॅमेऱ्यातले ते चित्रण आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा पाहिले असेल.

फेडरल सरकारने अधिकाऱ्यावर नागरी हक्क मोडल्याचा फौजदारी खटला भरला. दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. दिवाणी दाव्यात मात्र ‘पटेल विरुद्ध सिटी ऑफ मॅडिसन’ या प्रकरणी अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्ये मिळून केलेला फेडरल अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने 2020 साली सांगितले की, प्रतिकार न करणाऱ्या माणसावर असे बळ वापरता येत नाही हे आधीपासून ठरलेले आहे, म्हणून अधिकाऱ्याला कायद्याचे कवच मिळणार नाही. 2021 मध्ये साडेसतरा लाख डॉलरवर तडजोड झाली. पाच वर्षे गेली ती ‘अधिकाऱ्यावर दावा चालू शकतो का’ एवढ्याच प्रश्नात, कारण कवच नाकारल्याच्या आदेशावर खटला सुरू होण्यापूर्वीच अपील करता येते.

या कवचाला इथे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ म्हणतात. 1871 मध्ये, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने दक्षिणेत मांडलेला उच्छाद मोडण्यासाठी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एक कायदा केला. सरकारी अधिकाराच्या बळावर कुणी तुमचा घटनात्मक हक्क मोडला तर तुम्ही त्याच्यावर दावा लावू शकता, असा तो सरळ कायदा आहे आणि त्याच्या मजकुरात या कवचाचा उल्लेखही नाही. ते न्यायालयांनी घडवले: 1967 मध्ये पाया घातला आणि 1982 मध्ये आजचा आकार दिला. आज वादीने नुसता हक्क मोडल्याचे दाखवून भागत नाही; तो हक्क घटनेच्या दिवशी ‘सुस्थापित’ होता, म्हणजे जवळजवळ तशाच प्रसंगात तो मोडला जातो असे सर्वोच्च न्यायालयाने किंवा त्या भागातल्या अपील न्यायालयाने आधी सांगितलेले होते, हेही दाखवावे लागते.

‘जवळजवळ तशाच’ म्हणजे किती जवळ, ते सहाव्या सर्किटच्या 2018 च्या ‘बॅक्स्टर विरुद्ध ब्रेसी’ या निकालात दिसते. नॅशव्हिलमध्ये घरफोडीचा एक संशयित तळघरात जमिनीवर बसून होता आणि त्याच्या म्हणण्यानुसार त्याने दोन्ही हात वर केले होते. तरी पोलिसांनी कुत्रा सोडला. त्याच सर्किटचा जुना निकाल होता की शरण आलेल्या माणसावर कुत्रा सोडणे घटनाबाह्य आहे. परंतु त्या प्रकरणातला माणूस आडवा पडलेला होता आणि हा बसलेला होता. न्यायालयाच्या मते बसून हात वर करणे आणि पडून राहणे यांत एवढा फरक होता की अधिकाऱ्याला पुरेशी पूर्वसूचना मिळाली नव्हती. जून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ज्यांना कुणी पुरोगामी म्हणणार नाही त्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी या नकाराशी लेखी असहमती नोंदवून या कवचाला मजकुराचा आधार नसल्याची शंका बोलून दाखवली, हे विशेष.

माझा मुद्दा एवढाच आहे की, इथे तुमचा हक्क काय हे बऱ्याच अंशी तुम्ही कोणत्या सर्किटमध्ये उभे आहात आणि तिथे तुमच्याआधी कुणाला तशाच रीतीने मार बसला आहे का, यावर ठरते. 2009 पासून तर अपील न्यायालयाला हक्क होता की नव्हता या प्रश्नाला हात न लावता ‘असला तरी सुस्थापित नव्हता’ एवढेच म्हणून प्रकरण संपवण्याची मुभा आहे. पहिल्या प्रकरणात उत्तर दिले नाही म्हणून दुसऱ्यात दाखला नाही, आणि दुसऱ्यात दाखला नाही म्हणून तिसराही रिकाम्या हाताने परततो.

झडती_पंचनामा (नागपूर)

उंबरठा, लेख आवडला. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे या विषयातल्या मुद्देमालाच्या एका निकालाने माझे लक्ष वेधले होते, तो इथे मांडतो. नवव्या सर्किटचा 2019 चा ‘जेसप विरुद्ध सिटी ऑफ फ्रेस्नो’. जुगाराच्या यंत्रांच्या तपासात पोलिसांनी वॉरंट घेऊन झडती घेतली आणि सुमारे 50,000 डॉलर जप्त केल्याची पावती दिली. मालकांचे म्हणणे असे की प्रत्यक्षात दीड लाखाहून अधिक रोकड आणि सव्वा लाखाची दुर्मीळ नाणी नेली आणि मधला फरक खिशात घातला. न्यायालयाने आरोप खरा धरून विचार केला आणि म्हटले की असे करणे नैतिकदृष्ट्या चुकीचे आहे हे अधिकाऱ्यांना कळायला हवे होते, परंतु वॉरंटखाली जप्त केलेला माल चोरल्याने घटनेची चौथी दुरुस्ती (अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारी) मोडली जाते याची स्पष्ट सूचना त्यांना नव्हती. चौथ्या सर्किटचा 2004 चा अनुकूल निकाल होता, पण तो अप्रकाशित (म्हणजे दाखला म्हणून बांधील नसलेला) आणि परक्या सर्किटचा, म्हणून पुरला नाही.

हसण्यापूर्वी आपण आपले घर पाहावे. सप्टेंबर 1947 मध्ये अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार सोने-चांदी घेऊन मेरठला उतरले. पोलिसांनी त्यांना संशयावरून पकडले, माल मालखान्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सोडले. चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांहून अधिक सोने मात्र मालखान्याचा हेड कॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पळाला. ‘कस्तुरीलाल’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये निर्णय दिला की अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे असल्यामुळे ती करताना झालेल्या निष्काळजीपणाची भरपाई राज्याकडून मागता येणार नाही. हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. निकाल देताना त्यांना स्वतःलाच तो रुचला नव्हता असे वाचताना जाणवते. संसदेने कायदा करावा असे त्यांनी सुचवले. विधेयक आलेही, कायदा मात्र झाला नाही. पुढे 1983 च्या रुदुल शाह आणि 1993 च्या नीलाबती बेहेरा प्रकरणांपासून मूलभूत हक्क मोडल्यास रिट अधिकारात भरपाई देण्याची वाट निघाली, आणि कस्तुरीलालचा जोर ओसरला.

एक फरक नोंदवतो. आपल्याकडे अडथळा दारातच असतो: कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी सरकारी अधिकाऱ्यावर खटला चालवायला मंजुरी लागते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 197 होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे 218 आहे, आणि त्यात 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानण्याची नवी तरतूद आहे. तिकडे दार उघडे असते, आत गेल्यावर भिंत लागते.

पन्हाळा_वेस

एक बाळबोध शंका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. हे अमेरिकेतले ‘सर्किट’ तेच का?

उंबरठा

शंका बाळबोध मुळीच नाही. शब्दाचे मूळ एकच: न्यायाधीशांनी ठरलेल्या फेरीने गावोगाव जाऊन न्याय द्यायचा. इथे सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच घोड्यावरून आणि बग्गीतून ही फेरी करत आणि तिला कंटाळत. 1891 मध्ये स्वतंत्र अपील न्यायालये स्थापन झाली, नाव मात्र सर्किटच राहिले. आज क्रमांकाची अकरा, राजधानीचे एक आणि पेटंटसारख्या विषयांचे एक, अशी तेरा आहेत. कोल्हापूरचे बेंच मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग आहे. इथली सर्किटे एकमेकांना बांधील नाहीत. बहुतेक अपिले तीन न्यायाधीशांपुढे निघतात. फार गाजले तर त्या सर्किटचे पूर्णपीठ बसते, आणि सर्वोच्च न्यायालय वर्षाला हजारो अर्जांतून साठ-सत्तर प्रकरणेच ऐकते. म्हणून सामान्य वादीचे शेवटचे न्यायालय हे तिघांचे पीठच असते.

एक गंमत सांगतो. 1981 पर्यंत अलाबामा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा ही राज्ये पाचव्या सर्किटमध्येच होती. ती तोडून अकरावे सर्किट केले, आणि विभाजनापूर्वीचे पाचव्याचे निकाल आपल्याला बांधील आहेत असे अकराव्याने ठरवले. गुजरात उच्च न्यायालयाने 1 मे 1960 पूर्वीच्या मुंबईच्या निकालांविषयी हीच भूमिका घेतली होती.

सरळ_रेषा (डलास)

मी थोडे वेगळे मत मांडतो. दोन-तीन टोकाची प्रकरणे निवडून चित्र रंगवणे सोपे असते. रात्री रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला निर्णय घ्यायला दोन सेकंद असतात आणि न्यायाधीशाला दोन वर्षे. प्रत्येक चुकीसाठी पोलिसाच्या घरावर जप्ती येणार असेल तर या नोकरीत कोण राहील? माझ्या शेजारी राहणारे शेरीफच्या कार्यालयातले गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत आणि त्यांना ही भीती खरोखरच वाटते.

उंबरठा

सरळ रेषा, तुमच्या शेजाऱ्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही, परंतु आकडे तिला आधार देत नाहीत. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील प्राध्यापिका जोॲना श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की नागरी हक्कांच्या दाव्यांत वादींना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा 0.02 टक्के होता. बाकी सगळे पैसे शहरे आणि काउंट्या भरतात, म्हणजे आपण भरतो.

दोन सेकंदांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावरचे प्रकरण आमच्या ह्यूस्टनचेच आहे. एप्रिल 2016 मध्ये थकलेल्या टोलसाठी एक भाड्याची गाडी थांबवली गेली. गाडी हलू लागताच अधिकारी उघड्या दाराच्या खालच्या पट्टीवर चढला आणि आत पाहता येत नसताना दोन गोळ्या झाडल्या. चालक मेला. गाडी सुटून थांबेपर्यंत सुमारे पाच सेकंद गेले; पट्टीवर चढल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत सुमारे दोन. पाचव्या सर्किटचा नियम होता की फक्त धोक्याचा क्षण पाहायचा. त्या क्षणी अधिकारी धावत्या गाडीला लटकत होता, म्हणजे धोका होताच. तो तिथे चढला कशाला, हे विचारायचेच नाही. न्यायाधीश पॅट्रिक हिगिनबॉथम यांनी हा नियम लावून अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल लिहिला, आणि त्याच निकालाला जोडून स्वतःचेच दुसरे मत लिहिले की हा नियम मोडीत काढायला हवा. एकाच माणसाने बांधील म्हणून एक हात वर करायचा आणि न्यायबुद्धीने दुसरा, असे दृश्य क्वचित दिसते. मे 2025 मध्ये, ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा नियम फेटाळला आणि संपूर्ण प्रसंग पाहा असे सांगून प्रकरण परत पाठवले. तोपर्यंत देशातल्या आठ सर्किटांत पूर्ण प्रसंग पाहिला जात होता आणि चार सर्किटांत फक्त क्षण. मृत्यूनंतर नऊ वर्षांनी कुटुंबाला एवढेच मिळाले की प्रश्न नीट विचारला जावा.

सरळ_रेषा

एकमताने झाला हे मला माहीत नव्हते. आकड्यांचा मुद्दा मान्य, भीतीचा मुद्दा राखून ठेवतो.

कोरा_कागद (डेन्व्हर)

‘सुस्थापित’ हा शब्द आमच्या दहाव्या सर्किटमध्ये कसा फिरला ते सांगते. ऑगस्ट 2014 मध्ये डेन्व्हरमध्ये एका नागरिकाने पोलीस एका माणसाला मारत असताना टॅबलेटवर चित्रण केले. पोलिसांनी त्याला घेरून चित्रण मागितले. गंमत अशी की लोकांना चित्रण करण्याचा हक्क आहे, हे डेन्व्हरच्या पोलिसांना 2007 पासून प्रशिक्षणातच शिकवले जात होते. तरीही मार्च 2021 मध्ये तिघांच्या पीठाने म्हटले की अधिकाऱ्यांना काय शिकवले होते याला महत्त्व नाही. हक्क सुस्थापित होतो तो न्यायालयाच्या निकालाने, आणि 2014 मध्ये तसा निकाल नव्हता. ज्याला ठाऊक आहे की आपण चूक करतो आहोत, त्यालाही पूर्वसूचना नव्हती असे मानायचे! हक्क मुळात आहे का, हेही तेव्हा सांगितले नाही.

जुलै 2022 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, लेकवूडमध्ये 2019 साली पोलिसांचे चित्रण करणाऱ्या एका यूट्यूब पत्रकाराच्या दाव्यात, हा हक्क आहे आणि 2019 मध्ये तो सुस्थापितही होता, असे ठरवले. दोन्ही घटनांच्या गावांत गाडीने अर्ध्या तासाचेही अंतर नाही. दरम्यान जून 2020 मध्ये आमच्या राज्याने स्वतःचा कायदा करून राज्याच्या न्यायालयांतल्या अशा दाव्यांत हे कवच काढून टाकले, आणि सद्भाव (आपले वागणे कायदेशीर आहे ही प्रामाणिक समजूत) नसल्याचे ठरल्यास अधिकाऱ्याला स्वतः भरावी लागणारी रक्कम निकालातल्या रकमेच्या पाच टक्के किंवा 25,000 डॉलर, यांपैकी कमी असेल ती, एवढी मर्यादित ठेवली. इथले पोलीस खाते ओस पडलेले मला तरी दिसत नाही.

झडती_पंचनामा

फौजदारी बाजूलाही हाच प्रकार आहे का? आमच्याकडे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सहसा ग्राह्य धरतात. अमेरिकेत तो बाद होतो असे आम्ही कॉलेजात शिकलो.

कोरा_कागद

होतो, पण त्यालाही 1984 पासून सद्भावाचा अपवाद आहे, आणि तो या कवचाचा सख्खा भाऊ शोभतो. अलीकडचे उदाहरण जिओफेन्स वॉरंटचे. यात पोलिसांकडे संशयित नसतो. एखाद्या जागेभोवती वर्तुळ आखून त्या वेळी त्यात असलेले सगळे फोन कोणते, हे गूगलला विचारायचे. व्हर्जिनियातल्या मिडलोथियन येथे मे 2019 मध्ये एका पतसंस्थेतून 1,95,000 डॉलर लुटले गेले आणि पोलिसांनी दीडशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले. त्यात जवळचे चर्चही आले. जुलै 2024 मध्ये चौथ्या सर्किटच्या पीठाने म्हटले की ही झडतीच नव्हे. बरोबर एका महिन्याने पाचव्या सर्किटने, मिसिसिपीतल्या एका टपालवाहकाच्या लुटीच्या प्रकरणात, याच्या अगदी उलट सांगितले: गूगलला उत्तर देण्यासाठी 59 कोटी 20 लाख खाती चाळावी लागली, आणि कुणाचेही नाव नसलेले असे सरसकट वॉरंट घटनेला मुळातच मान्य नाही. पण आरोपींना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तंत्र नवे होते, पोलिसांनी सद्भावाने वॉरंट घेतले होते, म्हणून पुरावा आणि शिक्षा दोन्ही कायम राहिली. चौथ्या सर्किटच्या पूर्णपीठाने एप्रिल 2025 मध्ये एका वाक्यात खालचा निकाल कायम केला, आणि त्या एका वाक्यामागे न्यायाधीशांची वेगवेगळी मते मिळून शंभराहून अधिक पाने जोडली.

तरी मी हे दिवाणी कवचापेक्षा बरे मानते. पाचव्या सर्किटने निदान नियम लिहून ठेवला. तिथला पुढचा पोलीस ‘माहीत नव्हते’ म्हणू शकणार नाही.

मिसिसिपीकाठ (मिनियापोलिस)

आमच्या आठव्या सर्किटचे थोडक्यात सांगतो. मतदान हक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमाखाली वांशिक भेदभावाविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार खासगी नागरिकांना नाही, फक्त ॲटर्नी जनरलला आहे, असे या न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये आर्कान्साच्या प्रकरणात ठरवले. मे 2025 मध्ये नॉर्थ डाकोटातल्या मूलनिवासी जमातींनी 1871 च्या कायद्याच्या वाटेने येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती वाटही बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये त्या दुसऱ्या निकालाची अंमलबजावणी थांबवली. पाचव्या सर्किटसारख्या सनातनी न्यायालयातही हा दावा खासगी व्यक्ती लावू शकते. म्हणजे लुइझियानातल्या मतदाराला जे दार उघडे, ते आमच्या सात राज्यांत बंद.

उंबरठा

पाचव्याचे नाव निघालेच आहे तर टेक्सासमधील लारेडोच्या पत्रकार प्रिसिला व्हियारियाल यांचे प्रकरण सांगून थांबतो. फेसबुकवरून बातम्या देणाऱ्या या बाईंनी एका पोलिसाला दोन घटनांतल्या मृतांची नावे विचारून खातरजमा केली, म्हणून 2017 मध्ये त्यांना अटक झाली. जाहीर न झालेली सरकारी माहिती लाभासाठी मागणे हा गुन्हा ठरवणारे एक कलम त्यासाठी शोधून काढले गेले. राज्याच्या न्यायाधीशाने ते कलमच रद्दबातल ठरवले. तिघांच्या पीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण जानेवारी 2024 मध्ये पूर्णपीठाने 9 विरुद्ध 7 मतांनी अधिकाऱ्यांना कवच दिले, सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी परत पाठवल्यावर एप्रिल 2025 मध्ये पुन्हा तेच केले. बातमीदाराने पोलिसाला प्रश्न विचारणे हा हक्क सुस्थापित करण्यासाठी आधी आणखी किती बातमीदार आत गेलेले असायला हवे होते, असे विचारावेसे वाटते.

आजोळ (एडिसन)

काका फिरायला जातात हे वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे सासूबाई येतात तेव्हा मी त्यांच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवते. त्यावर आमचा पत्ता, फोन आणि ‘मला फक्त मराठी येते’ असे इंग्रजीत ठळक लिहिलेले असते. हिंदी नव्हे, मराठी. नाहीतर हिंदी दुभाष्या आणतात आणि सासूबाई त्याच्याशी काही बोलत नाहीत. तुम्हीही वडिलांच्या खिशात असे कार्ड ठेवा.

उंबरठा

आजोळताई, मनापासून आभार. कार्ड मी गेल्याच वर्षी केले आहे, फोन आणि पत्त्यासकट. पण ते खिशात नाही. अचानक खिशाकडे गेलेला हात कुणाला काय वाटेल, याचा भरवसा मला देता येत नाही. शाळेतल्या मुलांसारखी फीत लावून ते त्यांच्या गळ्यात अडकवले आहे. बाबा आधी चिडले, ‘मी काय हरवलेलं पोर आहे का?’ म्हणाले. आता रोज निघताना स्वतःच खुंटीवरून काढून घेतात, आणि पोलिसाने थांबवले तर काठी हळूच खाली ठेवून दोन्ही हात समोर धरायचे, हेही आम्ही दिवाणखान्यात दोनदा करून पाहिले आहे.